आप्पांचं माप

आप्पांचं बोट फोनला कळत नाही. पडद्यावरच्या पांढऱ्या गोलावर ते अंगठा टेकवतात, काही होत नाही. मग जोरात दाबतात. फोन हलतो, भलतंच काहीतरी उघडतं, तोवर समोरचा बगळा उडून गेलेला असतो. ते फोन खिशात टाकतात आणि बगळा गेला त्या दिशेला नुसतं बघत राहतात.

तीस वर्षं त्यांनी सुरतेजवळ हजीऱ्याच्या एका खत कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. प्रेशर गेज उघडायचं, साफ करायचं, काटा शून्यावर आणायचा, पुन्हा बसवायचं. कंट्रोल व्हॉल्व्हचे नट, तारांची टोकं, सॉल्व्हंटमध्ये बुडवलेलं फडकं. या सगळ्यानं त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. अंगठा गुळगुळीत झालाय, चामडं कोरडं आणि जाड. सुट्टीला मी पुण्याहून सुरतेला गेले होते तेव्हा तो अंगठा पहिल्यांदा हातात घेऊन नीट पाहिला आणि ठरवलं, यांना कॅमेरा द्यायचा. ज्याला खरं बटण असतं, दाबलं की बोटाला कळतं, असा.

आप्पा मूळचे शहादा तालुक्यातले. प्रकाश्याची तापी म्हणजे त्यांच्या लहानपणीची नदी. १९८५च्या सुमाराला हजीऱ्यात कारखाने उभे राहत होते. मुंबईच्या समुद्रातला वायू तिथं किनाऱ्याला लागत होता आणि पुढं विजयपूर-जगदीशपूरपर्यंत नळ टाकायचं काम चाललं होतं. खानदेशातली आयटीआय झालेली कितीतरी पोरं तेव्हा भुसावळ-सुरत गाडीत बसली. आप्पा त्यांतलेच एक. पहिल्यांदा हजीऱ्याला आले तेव्हा खाडीचं ते अफाट तोंड बघून त्यांनी कुणाला तरी विचारलं, ही कुठली नदी? तापी, असं उत्तर आलं आणि त्यांचा विश्वास बसेना. गावात जिच्यात म्हशी धुतल्या तीच ही, सातशे किलोमीटर चालून समुद्राला भेटायला आलेली. ही गोष्ट ते अजूनही सांगतात, आणि दर वेळी नव्यानं चकित होतात.

कारखान्यात कॅमेरा न्यायला बंदी होती. गेटवर पाटीच होती तशी. म्हणून ज्या कामानं आमचं घर चाललं ते काम करतानाचा आप्पांचा एकही फोटो नाही. पॅनलसमोर उभे असलेले, हेल्मेट घातलेले, रात्रपाळी संपवून बसमधून उतरणारे आप्पा फक्त आमच्या डोळ्यांत आहेत.

घरचे फोटो मात्र ते काढत. विभागातल्या एका मित्राकडे आगफा क्लिक थ्री होता. शेजारच्या बडोद्यातच बनलेला, डब्यासारखा साधा कॅमेरा, एका रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. तो मागून आणायचा, रोल आपला घालायचा. बारा म्हणजे बाराच. आप्पा आधी कागदावर लिहीत : आईचा एक, आजी येईल तेव्हा दोन, डुमसच्या चौपाटीवर तीन, माझ्या वाढदिवसाला दोन, उरलेले नदीचे. फोटो काढायच्या आधी ते इतका वेळ थांबत की आम्ही कंटाळून जायचो. पण त्यांच्या बारांतले बारा नीट यायचे.

ते जवळजवळ सगळे २००६च्या ऑगस्टमध्ये गेले.

सुरतेत पुराला रेल म्हणतात. त्या वर्षी उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेलं. आम्ही अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. आप्पा पाळीवर हजीऱ्याला, आई आणि मी घरात. पाणी पहिल्या पायरीला लागलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकींनी हाक मारली. मी दप्तर उचललं, आईनं स्टोव्ह आणि तांदळाचा डबा. अल्बम कपाटाच्या माथ्यावर होते. इतक्या उंच पाणी येणार नाही असं आम्हांला वाटलं. तीन दिवस आम्ही काकींच्या खिडकीतून आमच्या दाराची वरची चौकट पाण्याखाली बघत होतो. आप्पांची खबर नव्हती, त्यांना आमची नव्हती.

पाणी उतरल्यावर ते चालत आले. घरात गुडघाभर गाळ. तो काळा, चिकट गाळ फावड्यानं काढता काढता त्यांनी थोडा हातात घेतला, बोटांत चोळला आणि म्हणाले, "आपलीच माती शे ही." उकाईचं धरण मध्ये आहे, वरचा बराच गाळ तिथंच बसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी म्हणाले.

अल्बम फुगून विटेसारखे झाले होते. फोटो एकमेकांना चिकटले की कोरडे सोलायचे नसतात. कागदावरचा तो जिलेटिनचा पातळ थर चित्रासकट निघून येतो. आप्पांनी परातीत स्वच्छ पाणी घेतलं, गठ्ठा त्यात सोडला आणि पाणी बदलत, कडेनं नख घालत एकेक फोटो सुटा करत बसले. चेहरे पाण्यात विरघळताना मी पाहिले आहेत. आधी निळसर रंग सुटतो, मग केसांची कड, मग उरतो एक पिवळट ढग. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी त्यांनी जे जे वाचलं ते टांगलं. सात फोटो निघाले. त्यानंतर आप्पांनी कधी कुणाचा कॅमेरा मागून आणला नाही.

एवढं सगळं मनात घेऊन मी कॅमेरा शोधायला निघाले, आणि पहिल्याच दुकानात कळलं की छोटे, खिशात मावणारे कॅमेरे आता फार कुणी विचारत नाही. जगभर २०१० साली बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली तो आकडा ऐंशी लाखांच्याही खाली आला. बाकीचं सगळं फोनच्या पोटात गेलं. दुकानदार म्हणाला, मॅडम, वडिलांना चांगला फोन घ्या. मी म्हटलं, फोन त्यांचं बोट घेत नाही. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग मनापासून दाखवू लागला.

भिंगं बदलता येणारा मोठा कॅमेरा घ्यावा असं आधी डोक्यात होतं. चित्र त्यातच सगळ्यात चांगलं येतं, कारण प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असतो. पण आप्पा जाणार सुवालीच्या किनाऱ्यावर, खाडीकाठी. खारा वारा, बारीक वाळू, दमट हवा. तिथं भिंग काढलं की आत काय काय शिरेल! पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते ती वेगळीच. त्यामुळे भिंग कायमचं जडलेला आणि लांबचं जवळ आणणारा कॅमेरा बघायचं ठरलं. त्याचा सेन्सर नखाएवढा असतो, संध्याकाळच्या मंद उजेडात चित्र रवाळ येतं, आणि दुपारी तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते तेव्हा कितीही झूम असला तरी पक्षी पाण्यात पडल्यासारखा दिसतो. हे सगळं कबूल. पण आप्पा पहाटेचे माणूस आहेत.

मग वजन. निकॉनचा पी ९५० मला आवडला होता. ८३ पट झूम, पण भरतो साधारण एक किलो. आप्पांना एक किलो डोळ्याशी धरवेल का? मला माहीत नव्हतं. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून सुरतेच्या ओवाऱ्यावर, म्हणजे नदीच्या घाटावर, गणपती दाखवला त्याच्या हातात आज किती बळ आहे हे मला सांगता येत नव्हतं. पुढच्या खेपेला घरी गेले तेव्हा मी त्यांना चोरून बघायला लागले. वरच्या फळीवरची किलोभर साखरेची पिशवी काढून द्या म्हटलं. त्यांनी उजव्या हातानं काढली, डावा हात आपोआप खाली आधाराला गेला. कॅमेरा असाच धरतात. चहाचा कप धरताना उजव्या हाताला किंचित कंप आहे, बशी वाजते. म्हणजे हात हलला तरी चित्र न हलू देणारी सोय चांगली हवी. मोतिबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. पेपर वाचताना ते मान जराशी वळवून चांगला डोळा पुढं करतात. म्हणजे उन्हात न दिसणाऱ्या मागच्या पडद्यावर भागणार नाही, डोळा लावायची खिडकी हवीच, आणि तिच्या शेजारी नजरेचा नंबर जुळवायचं ते छोटं चाकही. शिंप्यानं माप घ्यावं तसं मी चार दिवस माझ्या वडिलांचं माप घेत होते. त्यांच्या डाव्या कानामागं एक जुना भाजल्याचा डाग आहे. तो मी त्या चार दिवसांत पहिल्यांदा पाहिला. कधी भाजलं, विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शेवटचा निर्णय भलत्याच गोष्टीनं केला. परत दुकानात जाऊन त्या निकॉनमधली भाषांची यादी उघडली तर बंगाली, हिंदी, तमिळ, तेलुगू यांच्या सोबत मराठी होती. मी निवडली. मेनू देवनागरीत झाला. चाळीस वर्षं गुजराती पाट्या आणि इंग्रजी मॅन्युअल वाचत आलेल्या माणसाला आता यंत्र मराठीत विचारणार होतं. मी तिथंच पैसे भरले.

पाडव्याला खोका दिला. आप्पांनी आधी किंमतच विचारली, "कितला पैसा गयात वं?" मी सांगितली नाही. आई म्हणाली, घ्या हो, पोरीनं आणलंय. मग त्यांनी हात धुतले, पुसले, चष्मा काढला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. धूसर, म्हणाले. मी चाक दाखवलं. त्यांनी झिजलेल्या अंगठ्यानं ते एक दात पुढं, दोन दात मागं असं फिरवलं, अगदी गेजचा काटा शून्यावर आणतात तसं, श्वास धरून. मग थांबले. "आलं," म्हणाले. पुढं बटण. मी सांगायला लागले की अर्धं दाबायचं, मग... पण त्यांना बोटाखाली तो पहिला टप्पा आपसूक लागला होता. कॅमेऱ्यानं बारीक आवाज केला, चौकट हिरवी झाली, आणि त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू खूप दिवसांनी कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

पहिला फोटो त्यांनी दारामागच्या भिंतीचा काढला. २००६च्या पाण्याची रेघ तिथं त्यांनी पेन्सिलीनं मारून ठेवली आहे, खाली तारीख. घराला दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा तेवढी वीतभर भिंत रंगाऱ्याला सोडायला लावली.

आता ते दर रविवारी पहाटे निघतात. हिवाळ्यात तापीवर कुरव येतात, सुरती माणसं त्यांना गाठिया टाकतात, पांढऱ्या पंखांचा नुसता गलका असतो. ते काढून झाले की बसनं हजीऱ्याच्या बाजूला. तिथून घोघ्याला जाणारी बोट २०२०च्या नोव्हेंबरात सुरू झाली तेव्हापासून त्या रस्त्यावर वर्दळ वाढली आहे. कारखान्यांकडं आणि बंदराकडं ते भिंग वळवत नाहीत. गेटवरची पाटी त्यांच्या मनातून गेलेली नाही. खाडीकाठी एका तिवराच्या झुडपाशी उभं राहायचं, चौकटीत तेच झुडूप डावीकडं, तीच पाण्याची कड. दर आठवड्याला तोच फोटो.

मला दादासाहेब फाळके आठवले. बडोद्याच्या कलाभवनात शिकून गोध्र्यात फोटोचा स्टुडिओ चालवलेला मराठी माणूस. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी राजा हरिश्चंद्राच्याही आधी काय टिपलं असेल, तर कुंडीतला वाटाण्याचा कोंब. रोज एक चौकट, महिनाभराहून जास्त. पुढं पडद्यावर तो कोंब बघता बघता वेल झाला. आप्पांना ही गोष्ट सांगितली तर त्यांनी एवढंच विचारलं, "कॅमेरा जागचा हलू नये म्हणून काय केलं त्यांनी?" पुढच्या रविवारी ते उभं राहायच्या जागी एक दगड पुरून आले.

कार्डावर हजारो फोटो मावतात हे त्यांना सांगून झालंय. ते बारा काढतात. घरी आले की कारखान्याची जुनी डायरी उघडतात, पट्टीनं रकाने आखलेली : तारीख, वेळ, भरती की ओहोटी, फोटो नंबर, शेरा. मी पुण्यात बसून त्यांना फोटो दोन ठिकाणी साठवायला लावते. एक कार्डावर, एक माझ्याकडं. या वेळी पाणी कपाटाच्या माथ्यापर्यंत आलं तरी.

परवा, ऑगस्टमधल्या एका रविवारी, आईनं त्या पानाचा फोटो काढून पाठवला. वेळ ६.४०. ओहोटी. फोटो नऊमध्ये तिवराच्या पायाशी पाणी नेहमीसारखं राखाडी नव्हतं, काळसर तपकिरी होतं, आणि ओहोटी असूनही कड दोन हात वर आलेली. शेऱ्याच्या रकान्यात आप्पांनी लिहिलं होतं : शहाद्याकडं पाऊस झालाय.