माळ्यावरच्या कपिलचा भाव

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर

चि. अमेय,

फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर तू दोन वाक्यांनंतर 'काका, तुम्हाला मार्केट कळत नाही' म्हणतोस आणि विषय संपतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितो.

तू म्हणालास म्हणून दादाचा पत्र्याचा डबा माळ्यावरून काढला. आत वर वर डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आहेत, रँक आणि वजन सांगून जिंकायचे ते. खाली बिग फन बबलगमची क्रिकेटची चित्रं, १९८७ च्या रिलायन्स कपाच्या आगेमागची. गम खायचा, चित्र ठेवायचं. चित्रावर धावा नाहीतर विकेट छापलेल्या असायच्या. ठरलेल्या धावा जमल्या की ती चित्रं देऊन टाकायची आणि बदल्यात छोटी पुस्तिका घ्यायची. तिची पानं अंगठ्याने भरभर सोडली की फलंदाज फटका मारायचा. सगळ्या गल्लीचा जीव त्या पुस्तिकेत अडकला होता. चित्रांची कुणाला पर्वा नव्हती, म्हणून तर ती उरली नाहीत. आपल्या डब्यातली उरली, पण कशी? दादाने कपिल देवच्या कपाळावर बॉलपेनने स्वतःचं नाव लिहून ठेवलंय, तेही पूर्ण, आडनावासकट. गावसकर मधोमध दुमडलेला. कार्ड तपासून दहापैकी गुण देणारी तुझी ती कंपनी यातल्या एकालाही पाचच्या वर गुण देईल, तर मी सुपारी हनुमानाला नारळ फोडीन.

आता तू पाठवलेली ती बातमी. मिकी मँटल या बेसबॉलपटूचं टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, म्हणजे आपले शंभर कोटींच्या घरात. विकणाऱ्याने ते १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतलं होतं. हे सगळं खरं आहे. पण त्याच कार्डाची आधीची गोष्ट तुझ्या बातमीत नव्हती. ती मालिका तेव्हा खपलीच नाही. खोकी वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली. शेवटी टॉप्सच्या साय बर्गर यांनी १९६० मध्ये ती बोटीत भरून अटलांटिक समुद्रात बुडवली. ही हकीकत ते स्वतःच सांगत. जी विकली गेली ती पोरांनी सायकलच्या चाकात अडकवून फडफडवली, नाहीतर घर आवरताना आयांनी फेकली. एवढ्यातून जे सुटलं त्याला हा भाव आला. ते पाकीट विकत घेताना त्यात पैसे गुंतवतोय असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढे जुन्या कार्डांना भाव येतो हे अमेरिकेतल्या लोकांना उमगलं आणि घोटाळा झाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लोक पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून कार्डांची खोकी न फोडता तळघरात रचू लागले. कंपन्यांना काय, त्यांनी यंत्रं चालू ठेवली. त्या वर्षांतली बहुतेक कार्डं आजही पाकिटातल्या पाकिटात कोरी करकरीत आहेत, आणि म्हणूनच त्यांना कुणी विचारत नाही. तिकडचे संग्राहक त्या काळाला सरळ कचऱ्याचा काळ म्हणतात.

तू म्हणशील, आता तसं नाही, आता कार्डावर क्रमांक असतो, ९९ पैकी १७ वगैरे. अरे, पण तोच फोटो निळ्या कडेत ९९, सोनेरी कडेत १०, आणि एका रंगात एकच, असं कोण ठरवतं? छापणाराच ना? मँटलची टंचाई साठ-सत्तर वर्षांत आपोआप झाली. ही टंचाई कारखान्यातच तयार होऊन येते, आणि पुढच्या हंगामात नव्या रंगाची येते.

गुणांचंही ऐक. पीएसए ही कंपनी १९९१ साली सुरू झाली. तिने पहिलं कार्ड प्लास्टिकमध्ये बंद केलं ते होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं, गुण दिले ८. जगातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड ते. २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकलं गेलं. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने स्वतः कापून सरळ केल्या होत्या. म्हणून सगळे गुण खोटे असं मी म्हणत नाही. पण कडा सरळ आहेत का हे बघायलाच ज्यांना बसवलं होतं, त्यांच्या पहिल्याच कार्डाची ही गत! मग करोनात घरी बसलेल्या लोकांनी इतकी कार्डं पाठवली की २०२१ च्या वसंतात त्याच कंपनीला स्वस्त दराचं काम घेणं थांबवावं लागलं. त्या घाईत कुणाचे पैसे झाले असतील तर तपासणीची फी घेणाऱ्यांचे.

आपल्याकडेही हे होऊन गेलंय, आणि तेव्हा तू कॉलेजात होतास, म्हणजे आठवत असेल. २०२२ च्या मार्चमध्ये क्रिकेटची कार्डं विकणाऱ्या फॅनक्रेझ कंपनीने १० कोटी डॉलर उभे केले, एप्रिलमध्ये तसल्याच रारियोने १२ कोटी. रारियोतल्या पैशात पुढाकार मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्सच्या गुंतवणूक शाखेचा, ड्रीम इलेव्हनवाल्यांचा. ही कार्डं हातात धरायचीही नव्हती. मोबाइलवर दिसायची, 'एनएफटी' म्हणून. एका षटकाराची चित्रफीत तुझ्या मालकीची! त्याच वर्षी १ एप्रिलपासून सरकारने असल्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, जुलैपासून १ टक्का टीडीएस, आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करायची सोय ठेवली नाही. तुझ्या ऑफिसात तेव्हाचा तो षटकार आज कुणी घेईल का, विचारून बघ.

आणि इथलंच सांगतो. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखाला जाते, ७८६ ची त्याहून जास्त, हे मेसेज गुलमंडीतही फिरतात. दुकानात गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यातल्या नोटांचे आकडे वाचत बसणारे मी पाहिलेत. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहाराशी आमचा संबंध नाही, आमच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांना पैसे देऊ नका. लाख देणारा कधी येत नाही. आधी 'नोंदणी फी' मागणारा येतो.

इथून चालत सराफ्यात जा. आजीची बांगडी काढलीस तर सराफ घट धरेल, थोडी घासाघीस होईल, पण संध्याकाळच्या आत पैसे हातात असतील, कारण त्या भावाने घ्यायला शेजारचाही तयार आहे. तुझ्या कार्डाचा भाव सांगणारे पुष्कळ, घेणारा एखादाच, आणि क्रिकेटच्या कार्डाला तर भारतात तोही हुडकावा लागतो. शिवाय भाव सांगणाऱ्या त्या व्हिडिओवाल्यांकडे स्वतःची खोकी विकायला असतात, हे तूच मला मागे सांगितलंस.

जमवू नकोस असं म्हणत नाही मी. आपल्या गावात जन्मलेला इक्बाल सिद्दीकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी खेळला. नवा चेंडू टाकला, आणि शेवटी जिंकायला पाच धावा हव्या होत्या तेव्हा याला सलामीला पाठवलं. त्या पाचही त्यानेच काढल्या. त्याच्या कार्डाला बाजारात कुत्रं विचारणार नाही. मला मिळालं तर मी घेईन, आणि कुणाला विकणार नाही.

डबा रविवारी पुण्याला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. तो दादाचा आहे, तेव्हा काही करण्याआधी त्याला विचार.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते. कार्डांचं ते न फोडलेलं खोकं घ्यायला तू पर्सनल लोन काढणार आहेस, असं सूनबाई म्हणाली. कार्डाचा भाव दोन वर्षांनी वाढेल की पडेल हे मला माहीत नाही, तुलाही नाही; बँकेचा हप्ता मात्र येत्या पाच तारखेपासून सुरू होईल. पगारातून महिन्याला हजार-पाचशेची पाकिटं घे आणि मजेत फोड. कर्जाचा अर्ज मात्र मागे घे, आणि घेतलास की मला कळव.

तुझा,
काका