गोरिलांच्या गावी कोंबांचे दिवस

उन्हाळ्यात आंबे, पावसाळ्यात भाजलेलं कणीस आणि थंडीत बोरं! ऋतू बदलला की आपलं खाणंही बदलतं. दोस्तांनो, असाच ऋतूप्रमाणे खाणारा आपला एक दांडगा नातेवाईक आफ्रिकेत राहतो. चला, त्याच्या गावी जाऊ या.

आफ्रिकेच्या मध्यभागी रवांडा हा चिमुकला, डोंगराळ देश आहे. त्याच्या उत्तर सीमेवर विरुंगा ज्वालामुखींची रांग आहे. त्यातला कारिसिंबी ४५०७ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त! पायथ्याशी बटाट्याची शेतं दिसतात. मग एक बुटकी दगडी भिंत लागते. ती ओलांडली, की सुरू झालं पर्वतीय गोरिलांचं जंगल!

एरवी हे गोरिला वरच्या उतारांवर चरतात. तिथं थंडी फार, त्यामुळे फळं कमी. पण पाला बारा महिने हिरवागार! रानटी सेलरीचे देठ, काटेरी झुडपं, अंगाची आग करणारी पानंसुद्धा ते खुशाल खातात. दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ खाण्यातच जातो.

इथं वर्षातून दोनदा पावसाळा येतो. पाऊस पडला, की खालच्या बांबूच्या बनात जमिनीतून कोवळे कोंब डोकं वर काढतात. मग काय, कळपच्या कळप खाली उतरतो! कोंब उपटायचा, वरची टरफलं सोलायची आणि आतला रसाळ गाभा मटकवायचा. आपल्या कोकणातही पावसाळ्यात बांबूच्या कोंबांची भाजी करतात, बरं का! या कोंबांत पाणी आणि प्रथिनं भरपूर असतात. पण थोड्याच दिवसांत ते वाढून कडक होतात. मेजवानी संपते आणि कळप पुन्हा वर जातो.

शेजारच्या युगांडातलं ब्विंडीचं जंगल कमी उंचीवर आहे. तिथं फळं अधिक मिळतात. फळं पिकली, की तिथले गोरिला त्यांच्या शोधात जास्त भटकतात.

म्हणजे गोरिलाला डोंगराचा एकच तुकडा पुरत नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळं जंगल लागतं. नेमका इथंच घोळ झाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रवांडात खालचं सुमारे दहा हजार हेक्टर जंगल शेतीसाठी गेलं. तिथं पायरेथ्रम या शेवंतीसारख्या फुलांची लागवड झाली. त्यांपासून कीटकनाशक बनतं. आता बांबूचं बन आणि शेतं अगदी जवळ आली आहेत. कधीकधी गोरिला भिंत ओलांडून निलगिरीची साल खायला बाहेर येतात. तिथं माणसांची सर्दीसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकते. आणि शेतकऱ्यालाही पोट आहेच ना?

तरीही आनंदाची बातमी आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार पर्वतीय गोरिला १०६३ झाले! त्यांना भेटायला मात्र तुम्हांला वयाची पंधरा वर्षं पूर्ण करावी लागतील. तोवर ते बन तसंच हिरवं राहो!