पळी बदलली, वही तीच

आमच्या घरी आईची पाककृतींची वही आहे. तीत चकलीच्या भाजणीला 'एक पळी कडकडीत मोहन' असे लिहिले आहे. ती पळी मोडीत गेली; आता आहे ती तिच्या दीडपट. त्या वर्षी साऱ्या चकल्या कढईत विरघळल्या आणि दोष आला सौ.च्या माथी! तिने त्याच संध्याकाळी वहीतली 'पळी' खोडून चमच्यांचे माप लिहिले. मी मात्र मनसोक्त हसलो.

हसायला नको होते. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, आणि असली एक वही मीही कचेरीत लिहून ठेवली होती. कोणता सर्व्हर कशासाठी, आधी काय चालवायचे, काय पुसायचे. पुढे सरावाच्या सर्व्हरवरच आम्ही गिऱ्हाइकाचा खरा हिशेब चढवला. बदल माझ्याच हातचा. टिपण सावकाश दुरुस्त करू म्हटले, आणि राहिले.

दोन वर्षांनी नवी रुजू झालेली एक मुलगी त्या टिपणाबरहुकूम वागली. 'हा सर्व्हर सरावाचा, बेलाशक पुसावा.' तिने पुसला. रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावले. दिवसभराच्या नोंदी मात्र गेल्या. साहेबांनी तिला चारचौघांत झाडले. ती एवढेच म्हणाली, "पण सर, तसं लिहिलं होतं." आणि लिहिणारा मी खिडकीबाहेर पाहत राहिलो! चहानंतर साहेबांकडे जाऊन खरे सांगितले. तोवर तिचे रडून झाले होते.

टिपण नसतेच, तर तिने कुणाला तरी विचारले असते. छापील अक्षराला कोण उलट विचारतो?

कोड आणि त्याचा खुलासा एकत्रच लिहावा, असे डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ सालीच मांडले होते. 'पायथन' भाषेत २००१ पासून 'डॉक्टेस्ट' नावाची सोय आहे. टिपणातली उदाहरणे ती चालवून पाहते आणि उत्तर जुळले नाही की ओरडते. पण कोणता सर्व्हर पुसावा, हे तिला कसे कळणार? तिथे माणूसच हवा.

आता आमची टिपणे कोडच्या शेजारीच राहतात. कोड बदलला आणि टिपण तसेच राहिले, तर तो बदल स्वीकारायचा नाही, असा दंडक आहे. तपासणीचे काम त्या मुलीकडे. परवा तिने माझाच बदल परत धाडला. खाली दोनच शब्द : 'सर, टिपण?'