चढले किती, उतरले किती

आमच्या घरात ‘लघवी’ हा शब्द मोठ्याने कुणी उच्चारत नसे. बाबा रात्री चार-पाचदा उठायचे, बाथरूममध्ये बराच वेळ उभे राहायचे आणि सकाळी आईने विचारलं की म्हणायचे, “वय झालं, दुसरं काय!” दोन वर्षं असं चाललं. मग एका संध्याकाळी लघवी पूर्ण अडली, आणि वयावर ढकलून भागेना.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. पुरुषांचं वय वाढतं तशी बऱ्याचदा तीही वाढते आणि मार्ग आवळते. बाबांची टीयूआरपी झाली. यात पोटावर टाका नसतो. मूत्रमार्गातूनच दुर्बीण आत घालतात आणि वाढलेला भाग विजेच्या तारेने खरवडून काढतात. आतली जखम मात्र पुढे एक-दोन दिवस रक्त सोडत राहते. ते मूत्राशयात साचलं की गुठळ्या होतात आणि नळी तुंबते. म्हणून मूत्राशय सलाईनने सतत धूत ठेवायचं.

त्यासाठीच्या कॅथेटरला तीन वाटा असतात. एकीतून सलाईन आत जातं, दुसरीतून सगळं बाहेर येतं, तिसरीतून आतला छोटा फुगा फुगवतात, म्हणजे नळी निसटत नाही. वर स्टँडला तीन-तीन लिटरच्या दोन पिशव्या, खाली पलंगाला युरोबॅग.

रात्री दहाला ड्यूटीवर आलेल्या ब्रदरनी मला वही काढायला लावली. “चार्ट मी भरणारच आहे ताई, पण वॉर्डात पेशंट बावीस आहेत. तुम्ही जाग्या आहात तर लिहा.” त्यांनी रकाने सांगितले: वेळ, आत गेलेलं सलाईन, बाहेर आलेलं सगळं, रंग. तोंडाने घेतलेलं पाणी, चहा आणि हाताची सलाईन वेगळ्या पानावर. युरोबॅगवरच्या रेघांवर विसंबायचं नाही, मावशी रिकामी करतील तेव्हा जगात मोजून आकडा लिहायचा.

दुपारी भेटायला आलेले काका भरलेली बॅग बघून खूश झाले होते. “काय भारी लघवी होतेय रे तुला!” त्या दोन लिटरमध्ये लघवी किती हे बॅग बघून कुणालाच कळलं नसतं. बाहेर आलेल्यातून आत सोडलेलं वजा करायचं, उरते ती लघवी. रात्री दहा ते दोन आत गेलं ६००० मिली, बाहेर आलं ६४८०. म्हणजे चार तासांत लघवी ४८०. मोठ्या माणसाला किलोमागे तासाला किमान अर्धा मिली तरी व्हायला हवी, असं ब्रदर म्हणाले. बाबा साठ किलोचे, म्हणजे तासाला तीस. आम्ही चौपट होतो. पण मूत्रपिंडांनी काम थांबवलं असतं तरी बॅग भरतच राहिली असती. तिला फक्त वरची पिशवी पुरे होती.

रंगाच्या रकान्यात मी आधी ‘लाल’ लिहिलं. ब्रदर म्हणाले, “लाल म्हणजे किती लाल?” मग आम्ही ठरवलं: टोमॅटोचं सार, कोकम सरबत, फिकं कोकम सरबत, पाणी. रंग गडद झाला की ते थेंबांचा वेग वाढवायचे, फिका झाला की कमी करायचे. बाराला आम्ही फिक्या कोकमावर आलो होतो.

तीन वाजता जग हातात घेतला तेव्हा आकडा बसेना. तासाभरात आत गेलं होतं १२००, बाहेर आलं होतं ७००. गादी कोरडी, नळी कुठे दुमडलेली नाही. बाबा कण्हत होते, “लागलीय गं... तुझ्या आईला बोलव.” आई घरी होती. फुग्यामुळे लागल्यासारखं वाटतं हे संध्याकाळीच सांगितलं होतं, त्यामुळे एरवी मी त्यांना थोपटलं असतं. पण वहीत पाचशे मिली कमी होते, आणि ते बाबांच्या पोटात असल्याशिवाय दुसरीकडे कुठे असणार? वरून थेंब पडतच होते.

ब्रदर धावत आले. आधी वरचं सलाईन बंद केलं. ओटीपोटावर हात ठेवला, ते टणक लागलं. मग मोठ्या सिरिंजने सलाईन आत ढकलून परत ओढलं. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा काळपट गुठळ्या आल्या, जांभळाच्या सालीसारख्या, आणि मागोमाग धो धो प्रवाह. बाबांचा चेहरा सैल पडताना मी पाहिला. मूत्राशय ताणून रक्तस्राव वाढतो, वेळ गेला तर पुन्हा ऑपरेशनला न्यावं लागू शकतं, हे ब्रदरनी नंतर सांगितलं. तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, “आकडा लिहा.” ६५०.

बाबांना झोप लागेना. त्यांनी विचारलं, “मघाशी काय कमी आलं होतं?”

बाबा तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. मी त्यांना वही दाखवली. चष्मा नव्हता, म्हणून वाचून दाखवली. बाराशे आत, सातशे बाहेर. ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले.

“म्हणजे पाचशे गाडीतच होते.”

“हो.”

“चढले किती, उतरले किती. मधल्या स्टॉपला मोजलं नाही तर डेपोत कळून उपयोग नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “दोन वर्षं मी मोजलंच नाही बघ.”

आमच्यात या विषयावर झालेलं हे पहिलं बोलणं.

तिसऱ्या दिवशी कॅथेटर निघाला. आता प्रत्येक वेळची लघवी मोजायची होती. मी जग घेऊन निघाले, तर बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि हळूहळू आत गेले. बाहेर आई होती, काका होते, शेजारच्या पलंगावरची सून होती. दार उघडलं आणि बाबांनी स्टँडवर गाडीचं नाव पुकारावं तसा आवाज दिला,

“दोनशे दहा! लिही.”