खजाना विहीर आटत नाही म्हणजे काय?

बीड शहराच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे. मुर्तझा निजामशहाच्या काळात, 1582 च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. रचनाकार म्हणून राजा भास्कर याचं नाव घेतात. जमिनीखालच्या भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि भुयारातूनच पुढे बलगुजारच्या शेतीकडे जातं. तिच्याबद्दल बीडमध्ये एक वाक्य ठरलेलं आहे: दुष्काळ पडो की अतिवृष्टी होवो, खजान्याचं पाणी हलत नाही.

भूजल हा माझा अभ्यासविषय. असं वाक्य कानावर आलं की मी एवढंच विचारतो, कशाने मोजलं? बहुतेकांनी काठावरून पाहिलेलं असतं. म्हणजे त्यांनी पाहिली ती पातळी. पाणी किती वाहतंय, हे काठावरून दिसत नाही.

रांजणाला मध्यावर भोक असेल तर वरून धार मोठी पडो की बारीक, पाणी भोकापाशीच राहतं. खजान्याचं तसंच असावं, असा माझा तर्क आहे: पाणी बाहेर नेणाऱ्या मार्गाचा उंबरठा पातळी धरून ठेवतो. यातलं गणित मजेशीर आहे. पाटात काटकोनी खाच कापलेला पत्रा उभा केला आणि खाचेच्या टोकापासून पाणी 20 सेंटिमीटर चढलं, तर सेकंदाला साधारण 25 लिटर पाणी जातं. तेच 10 सेंटिमीटरवर आलं की जेमतेम साडेचार. पातळी वीतभरही उतरली नाही, आणि प्रवाह पाचपटीहून जास्त घटला! खजान्याचा मार्ग असा खाचेचा नाही, आकडे वेगळे येतील. पण काठावरच्या माणसाला मे महिन्यातही विहीर जशीच्या तशी दिसू शकते, ती यामुळे.

हा तर्क खोटा ठरू शकतो, म्हणूनच तो मला कामाचा वाटतो. बलगुजारकडे जाणारा प्रवाह दर महिन्याला मोजायचा, शेजारी पावसाचा आकडा लिहायचा, आणि हे काही वर्षं न चुकता करायचं. त्यात एखादं दुष्काळी साल यायलाच हवं. उन्हाळ्यात प्रवाह घटला तर माझं म्हणणं टिकलं. प्रवाहही तसाच राहिला, तर मला नवं कारण शोधावं लागेल आणि लोकांचं वाक्य माझ्यापेक्षा खरं ठरेल.

जमिनीखालचं पाणी शोधून देणाऱ्या पाणाड्यांचे दावेही असेच मोजून तपासायला हवेत. हातातला नारळ उभा राहिला तिथे पाणी लागलं, हे गावभर होतं. कोरडी गेलेली बोअर बुजते आणि तिच्याबरोबर तिची गोष्टही. त्याच शिवारात पाणाड्याने नको म्हटलेल्या जागी कोणी खोदून पाहिलेलं नसतं. ते केल्याशिवाय तुलना होत नाही.

पण माझा जीव अडकलाय तो उंबरठ्यात. माझा तर्क खरा असेल, तर उंबरठ्याखालचं पाणी त्या मार्गाने बाहेर जाऊच शकत नाही. झरे देतील तेवढंच पुढे, बाकीचं जागेवर. शाश्वत विकासाच्या व्याख्यानांत जे तासभर चालतं ते इथे दगडात बांधलेलं आहे. बोअरला असा उंबरठा नाही. मोटर खाली सोडता येते, पाइप वाढवता येतो.

आणि आपला कातळ कंजूष. बेसॉल्टमध्ये पाणी राहतं ते भेगांत, मुरमात. पाण्याने भरलेल्या शंभर घनमीटर खडकातून हाती येतं सरासरी दोन घनमीटर. एका हेक्टरखालची पातळी मीटरभर उतरली म्हणजे फक्त 200 घनमीटर पाणी निघालं. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी 20 हजार घनमीटर तरी लागतं. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातलं पाच हजार घनमीटर उसाच्या कामी आलं असं धरू. उरलेलं 15 हजार विहिरीतून. म्हणजे एका हेक्टर उसापायी 75 हेक्टरांखालची पातळी एक मीटर उतरते. थोडं पाणी परत मुरतं, पावसाळ्यात भरपाई होते, हे मान्य. पण त्या 75 हेक्टरांत आणखी कितीजणांचा ऊस आहे?

2009 च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. कागदावरचा उंबरठा आहे तो. बोअरची गाडी रात्री येते आणि उजाडायच्या आत निघून जाते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजते. ऑक्टोबरचा आकडा सांगतो पावसाने काय दिलं, मेचा सांगतो आपण काय नेलं. गावाच्या विहिरीसाठी शाळेची मुलंही हे करू शकतात: फूटपट्टीच्या खुणा केलेली दोरी, तिला वजन, एक वही. काठावर रंगाने खूण करायची आणि दर वेळी तिथूनच मोजायचं. मोटर चालू असताना मोजू नये. सकाळी, उपसा सुरू होण्याआधी मोजावं. आणि दोरी सुताची नको, ती ओली झाली की तिची लांबी बदलते.