अंधपंगुन्याय

सांख्यशास्त्रांत अंधपंगुन्याय म्हणून एक दृष्टान्त आहे. आंधळ्यास पाय असतात, पांगळ्यास डोळे. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसून वाट दाखवितो आणि दोघेहि अरण्यांतून बाहेर पडतात. प्रकृतिपुरुषांचा संबंध असाच, असें ईश्वरकृष्णानें सांख्यकारिकेंत म्हटलें आहे. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. परंतु शास्त्रीबुवांपाशीं बसून थोडें संस्कृत केलें होतें, त्यामुळें नोकरीच्या चौतीस वर्षांत हा न्याय मीं किती वेळां फळ्यावर लिहिला असेल, देव जाणे. खरा पांगळा दारांत येऊन उभा राहिला तेव्हां मात्र मीं काय केलें, तें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

१९८६ सालची गोष्ट. धुळें जिल्ह्यांतील एका शाळेंत मी होतों. जूनच्या पहिल्या आठवड्यांत एक शेतकरी मुलास पाठीवर घेऊन आला. मुलाचा एक पाय पोलिओनें वाळून गेलेला. पांचवीचे वर्ग माडीवर भरत. मीं म्हटलें, "बाबा, याला रोज वर कोण चढविणार? पोरें ढकलतील, पडेल, आणि बोल आमच्यावर येईल. पुढच्या वर्षीं पाहूं." तो कांहीं बोलला नाहीं. मुलास पुन्हां पाठीवर घेऊन चालता झाला. पुढच्या वर्षीं तो आला नाहीं, मींहि चौकशी केली नाहीं. खालीं एक खोली होती. तींत मोडकीं बाकें रचून ठेवलेलीं होतीं. वर्ग तेथें आणतां आला असता, हें मला त्या दिवशींहि ठाऊक होतें.

पोलिओ आतां गेला. पल्स पोलिओची मोहीम आपल्या देशांत १९९५ सालीं सुरू झाली. २०११ च्या जानेवारींत हावडा जिल्ह्यांत शेवटचा रोगी सांपडला, आणि २०१४ च्या मार्चमध्यें देश पोलिओमुक्त ठरला. पण पायाचें व्यंग घेऊन मुलें अजूनहि जन्मास येतातच.

सेवानिवृत्त होऊन मी जळगांवीं मुलांकडे राहावयास आलों. आमच्या धाकट्या सूनबाई चारसहा तरुण मंडळींबरोबर वांकड्या पायांच्या मुलांसाठीं खटपट करीत असतात. या मंडळीस ना पाटी, ना कचेरी. कोणाला फोन करून प्लास्टरच्या दिवसाची आठवण द्यावयाची, कोणाचें एस. टी. चें भाडें भरावयाचें, कोणासाठीं रुग्णालयाच्या रांगेंत बसावयाचें, एवढाच त्यांचा उद्योग. "मामंजी, तुमचें अक्षर चांगलें आहे, अर्ज तुम्हीं भरावे," असें एके दिवशीं त्यांनीं फर्माविलें आणि मी त्यांत ओढला गेलों. अर्ज भरणें हें लहान काम नव्हे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले. परंतु चाळीस टक्क्यांचा दाखला हातीं पडेपर्यंत गरिबास त्या एकविसांचा उपयोग काय?

या व्यंगास डॉक्टर क्लबफूट म्हणतात. मुलाचीं पावलें जन्मतःच आंत वळलेलीं असतात. पोन्सेती नांवाच्या एका डॉक्टरांनीं अमेरिकेंत यावर मोठ्या शस्त्रक्रियेवांचूनचा उपाय बसविला. जन्मानंतर लवकरच, दर आठवड्यास पाऊल हातानें हळूहळू वळवून प्लास्टर घालावयाचें. अशीं पांचसहा प्लास्टरें झालीं कीं बहुधा टांचेची शीर बारीक छेद देऊन सैल करावयाची. नंतर दांडीनें जोडलेले बूट, तीन महिने जवळजवळ अहोरात्र आणि पुढें चार वर्षांचें होईतों रात्रीं निजतांना. आफ्रिकेंतील युगांडा, मलावी अशा देशांत शल्यवैद्यांची फार वाण. तेथें डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना हें प्लास्टर शिकवून खेड्यांतल्या मुलांचे पाय सरळ केले गेले. प्लास्टर शिकवितां येतें. चार वर्षांच्या रात्री मात्र आईनेंच काढावयाच्या असतात. बूट सुटले कीं पाय पुन्हां वळूं लागतो.

चोपडें तालुक्यांतील एक मजूरबाई आपल्या दहा महिन्यांच्या मुलास तापी ओलांडून तपासणीस आणीत असे. दसऱ्यानंतर तिच्या दोन खेपा चुकल्या. तिसऱ्या वेळीं ती आली तेव्हां मी माझ्या जुन्या मास्तरी आवाजांत म्हणालों, "बाई, पोराचा पाय बिघडला तर जबाबदार कोण?" ती खालीं मान घालून म्हणाली, "गुरुजी, आम्ही उसाला चाललों. उचल घेतली आहे."

ऊसतोडींत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल त्या जोडीच्या नांवावर असते. बायको मागें राहिली तर कोयता अर्धा होतो, उचल फिटत नाहीं. आमच्यांतील एक मुलगी लगेच म्हणाली, "आपण वर्गणी करूं." त्या बाईनेंच नकार दिला. यंदा पैसे घेऊन घरीं बसलें तर पुढच्या सालीं टोळींत कोण घेईल, असा तिचा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर आमच्यापैकीं कोणापाशींच नव्हतें. मी त्या दिवशीं घरीं येऊन जेवलों नाहीं. मीं तिला विचारलेला प्रश्न तिला नव्हे, निराळ्याच कोणाला तरी विचारावयाचा होता.

तीं गेलीं. सूनबाईंनीं एका कागदावर चंद्र आणि बूट काढून दिले, कारण तिला वाचतां येत नव्हतें. दर रविवारीं तिच्या नवऱ्याला फोन होई. माघांत बुटाचा पट्टा तुटल्याचें कळलें. फडावर नवा पट्टा कोठून मिळणार? नवऱ्यानें बैलाच्या जुन्या सामानाचें चामडें कापून शिवला. डॉक्टरांनीं पुढें तो पट्टा पाहिला आणि हंसून तसाच राहूं दिला.

आखाजीच्या सुमारास तीं परत आलीं. बाईनें रुग्णालयाच्या ओसरीवर मुलास उभें केलें, हात सोडला आणि म्हणाली, "गुरुजी, देखा, पोऱ्या चालस!" पोर चार पावलें चालून माझ्या धोतरास बिलगलें. दोन्हीं टांचा जमिनीस टेकलेल्या होत्या. पुढच्या हंगामास तीं पुन्हां जाणारच आहेत. तोंवर बुटाचें माप वाढेल, त्याची तजवीज आतांच करावयास हवी.

१९८६ सालच्या त्या मुलाचें नांव मला आठवतें, गांवहि आठवतें. तो आज पन्नाशीजवळ असेल. आमच्या बसस्थानकावरून तिकडे गाडी जाते. मी दोनदां स्थानकापर्यंत गेलों आणि परत आलों.