भार

जबलपूरच्या एका जुन्या मराठी घरात, खिडकीलगतच्या मेजावर, सातपुड्याची छोटी रेल्वे अजून धावते. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला येणारा हा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने बांधला. दोन रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. २०१५ साली जबलपूरकडील ती गाडी थांबली आणि पुढे तेथे रुंद रूळ आले. मेजावरील प्रतिकृती १:८७ प्रमाणाची आहे. घरातले आजोबा एके काळी त्या मार्गावर मालबाबू होते. वाघिणी मुलाने विकत आणून दिल्या. त्यांतला माल मात्र ते स्वतःच्या हाताने घडवतात.

बांबूंसाठी खराट्याचे हीर, सालवृक्षाच्या ओंडक्यांसाठी वाळक्या डहाळ्या. ओंडक्यांची टोके ते मुद्दाम मागेपुढे ठेवतात, कारण रानातून आलेले लाकूड एका मापाचे नसते. बालाघाटच्या मँगनीजसाठी काळा दगड कुटून, चाळून घेतला आहे. मुठीएवढा खडा या प्रमाणात खसखशीएवढाच उरतो.

नातवाने ती खसखस वाघिणीत काठोकाठ भरली. आजोबांनी निम्मी काढून घेतली.

“आजोबा, अर्धी रिकामीच दिसते की!”

“रिकामी नाही रे. मँगनीज फार जड. काठापर्यंत भरलं तर आस मोडेल.”

लांबीरुंदी सत्त्याऐंशी पटींनी लहान करता येते. भार तसा लहान होत नाही, तो केवळ सुचवावा लागतो. बांबू काठाच्या वर रचले तरी हलके वाटतात. मँगनीजचा थर तळाशी राहिला, तरच ते जड वाटते.

“मग एवढं जड भरायचं कोण?” नातवाने विचारले.

आजोबा थांबले. रुळांची रुंदी बदलली की वाघीण पुढे जात नसे. गोंदियाला आणि जबलपूरला सारा माल माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून मोठ्या वाघिणींत चढे. वाघिणीचा क्रमांक, मालाचा प्रकार, टनांचा आकडा त्यांनी वर्षानुवर्षे वहीत सुवाच्य अक्षरांत लिहिला होता. हमालांच्या नावांसाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तारेचा एक हमाल केला. पाठ किंचित वाकलेली, डोक्यावर सुताची चुंबळ. चुंबळ हुबेहूब साधली. चेहरा मात्र त्यांनी तीनदा रंगवला आणि तीनदा पुसला.